आजार उलटेल का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. तुकडी : दहावी, १९९५)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, एआयवर पंधरा-वीस मिनिटं बोल." मी त्यांच्याकडून विषय बदलून घेतला. तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यावर तो आजार उलटेल की नाही, हे शरीरातल्या रेणूंची तपासणी करून आधी कळू शकतं का, यावर मी बोलणार आहे. पुरणपोळीच्या जेवणाआधी हा विषय कशाला, असं काहींच्या मनात येईल. पण आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअॅप गटावर गेल्या काही वर्षांत ज्यांचे फोटो हार घालून आले, त्यातले दोघं याच आजाराने गेले. ऑपरेशन होऊन बरे झालेले दोघं आज या सभागृहात बसले आहेत. त्यांची नावं मी घेणार नाही. त्यातल्या एकाने मात्र मला सांगितलं, "नाव घेऊ नको, पण गोष्ट सांग."

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. शेगावला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरचं काम केलं. अलीकडची काही वर्षं रोगनिदान प्रयोगशाळांची माहिती हाताळणाऱ्या प्रणालींवर काम करते. त्यामुळे कोणी काय उपचार घ्यावेत, हे मी सांगणार नाही. तपासणीतून आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हा मात्र माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तेवढंच बोलेन.

आपल्या या मित्राच्या गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग झाला होता. ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले. चार महिन्यांनी त्याचा मला फोन आला. तालुक्याच्या गावी कोणीतरी त्याच्या हातात एका तपासणीचं पत्रक दिलं होतं. रक्ताचा एक नमुना द्या, तुमच्या जनुकांवरून आजार परत येणार की नाही ते सांगतो, असा त्याचा मजकूर. किंमत त्याच्या तीन एकर सोयाबीनमधून खर्च वजा जाता हातात उरणाऱ्या पैशाइतकी. तो म्हणाला, "मले एवढंच सांग, हे परत येईन का व? अन् ही तपासणी केली तर समजीन का?"

मी त्याच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले. प्रसिद्ध झालेले अभ्यास वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. मग त्याला जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगते.

आधी आपला आजार ओळखू या. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार जगात त्या वर्षी ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ७७ हजार नवे रुग्ण होते. त्यातले १ लाख ३५ हजारांहून अधिक एकट्या भारतातले. म्हणजे तीनातला एक. आपल्या देशातल्या पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. पाश्चात्त्य देशांत तो जास्त करून जिभेला किंवा जिभेखाली होतो. आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत होतो, कारण पुडी तिथेच धरली जाते. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर १०० प्रौढांपैकी २४ जण न ओढायचा तंबाखू वापरणारे निघाले. विडी-सिगारेट ओढणारे ४ सुद्धा भरले नाहीत. आपला प्रश्न धुराचा कमी आणि तोंडात धरायच्या पुडीचा, खर्ऱ्याचा, तंबाखू-चुन्याचा जास्त आहे. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते, ते तुम्ही माझ्याहून जवळून पाहता. नुसती सुपारी खाल्ली तर काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

आता 'उलटणं' म्हणजे काय? ऑपरेशन झालेल्या जागीच पुन्हा गाठ येऊ शकते. मानेतल्या गाठींमध्ये येऊ शकते. क्वचित फुप्फुसात जाते. आणि कधी तोंडातच दुसऱ्या जागी अगदी नवा कर्करोग उभा राहतो. डॉक्टर त्याला वेगळं नाव देतात, घरच्यांना ते सारखंच वाटतं. उलटायचा असेल तर हा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून ती दोन वर्षं सगळ्यात जपायची.

मी मित्राला पहिली गोष्ट विचारली ती ही : "तुझा ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कुठे आहे?" तो म्हणाला, "असंन कुठंतरी, पिशवीत." त्या पिशवीतल्या कागदावर त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर लिहिलेलं होतं, आणि त्यासाठी जास्तीचा एक रुपयाही लागणार नव्हता.

गाठ काढताना सर्जन तिच्याभोवतीचा थोडा चांगला भागही काढतो. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कर्करोगापासून कापलेल्या कडेपर्यंत किती चांगली जागा आहे, हे मोजतात. त्याला मार्जिन म्हणतात. साधारणपणे ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कडा मोकळी समजतात. दुसरं म्हणजे गाठ किती खोल गेली. २०१८ पासून जगभर वापरात आलेल्या पद्धतीत गाठीच्या लांबी-रुंदीबरोबर ही खोलीही धरली जाते आणि ५ व १० मिलिमीटरच्या रेषांवर आजाराची पायरी बदलते. तिसरं, मानेतल्या किती गाठींमध्ये कर्करोग सापडला आणि तो गाठीचं कवच फोडून बाहेर पडला आहे का. चौथं, तो मज्जातंतूंच्या कडेने सरकला आहे का. युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्या २००४ साली प्रसिद्ध झाल्या. कडेला कर्करोग उरला असेल किंवा गाठीचं कवच फुटलं असेल, तर किरणोपचाराला केमोची जोड दिल्याने फायदा होतो, असं त्यातून पुढे आलं. म्हणजे या कागदावरच्या ओळीनुसार पुढचा उपचार ठरतो.

इथे आपल्या महाराष्ट्रातलं एक काम सांगायलाच हवं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला. तोंडातली गाठ लहान आहे, मानेला हाताला काही लागत नाही. अशा वेळी मानेचं ऑपरेशन लगेच करायचं, की गाठ दिसली तर मग करायचं? जगभर यावर मतभेद होते. त्यांनी चिठ्ठी टाकावी तशी रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी लगेच ऑपरेशन केलेल्या गटात ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात साडेसदुसष्ट टक्के. म्हणजे लगेच ऑपरेशन केलेल्या दर आठ रुग्णांमागे एकाचा जीव वाचला. यात कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. ऑपरेशन आधी की नंतर, एवढाच फरक होता, पण तो नीट मोजलेला होता.

मग प्रश्न येतो की कागदावर सगळं चांगलं असताना, कडा मोकळ्या असताना, काहींचा आजार का उलटतो?

याचं उत्तर शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला पटकन कळेल. १९५३ साली अमेरिकेत डॅनली स्लॉटर या सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाचे ७८३ रुग्ण अभ्यासले. गाठीच्या आजूबाजूचं वरून निरोगी दिसणारं आवरणही बिघडलेलं असतं, असं त्यांना दिसलं. त्यांनी त्याला जे नाव दिलं त्यात 'शेत' हाच शब्द आहे. आपल्या वावरात हराळी होते तेव्हा आपण वरचं गवत उपटतो, धुरा ते धुरा रान स्वच्छ दिसतं, पण मातीत मुळ्या राहिलेल्या असतात. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा रस सगळ्या तोंडभर फिरलेला असतो. गाठ एका जागी आली, पण वावर सगळं नासलेलं असू शकतं. सूक्ष्मदर्शकाला गवत दिसतं. मुळी दिसायला आणखी बारीक नजर लागते.

ती बारीक नजर म्हणजे रेणूंची तपासणी. पेशीच्या केंद्रात डीएनए असतो. त्यात पेशीने कधी वाढायचं आणि कधी थांबायचं याच्या सूचना लिहिलेल्या असतात. सूचना बिघडली की पेशी थांबत नाही. हा बिघाड, किंवा त्यामुळे कमी-जास्त होणारं एखादं प्रथिन, म्हणजे बायोमार्कर, आजाराची खूण.

अशी एक खूण फार जुनी आहे. टीपी-५३ नावाचं जनुक पेशीला ब्रेक लावायचं काम करतं. १९९५ साली, म्हणजे आपण दहावीचा पेपर लिहीत होतो त्या वर्षी, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डेव्हिड सिद्रान्स्की यांच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोकं-मानेच्या कर्करोगाचे २५ रुग्ण होते. सगळ्यांच्या गाठीत या जनुकाचा बिघाड होता आणि सगळ्यांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली मोकळ्या होत्या. त्या कडांमध्ये त्यांनी तोच बिघाड शोधला. १३ जणांच्या कडेत तो सापडला. त्या १३ पैकी ५ जणांचा आजार त्याच जागी उलटला. बिघाड न सापडलेल्या १२ जणांपैकी एकाचाही उलटला नाही.

ऐकायला हे फार आशादायक आहे. नंतर २००७ साली ४२० रुग्णांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासातही दिसलं की ज्यांच्या गाठीत या जनुकाचा बिघाड असतो त्यांचं पुढचं आयुष्य तुलनेने कमी असतं, आणि बिघाड मोठा असेल तर आणखी कमी. पण निम्म्याहून जास्त रुग्णांत हा बिघाड होताच. निम्म्या वर्गाला लागू होणारी खूण असेल, तर तिच्यावरून एका विशिष्ट मुलाबद्दल किती सांगता येईल?

आपल्याकडच्या गालाच्या कर्करोगाचा नकाशाही तयार झाला आहे, आणि तो भारतातच झाला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि टाटा मेमोरियलचं नवी मुंबईत खारघरला असलेलं संशोधन केंद्र यांनी मिळून गाल-हिरडीच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांची जनुकं वाचली आणि आणखी ६० रुग्णांत ती पडताळली. २०१३ साली ते काम प्रसिद्ध झालं. जगाला माहीत असलेली जनुकं त्यात सापडलीच, शिवाय या प्रकारच्या कर्करोगात पूर्वी न नोंदलेली पाच जनुकं सापडली. अमेरिकेतल्या रुग्णांवरून तयार केलेली तपासणी जशीच्या तशी आपल्या माणसाला लावता येईल, असं गृहीत धरता येत नाही, याचा हा एक मोठा पुरावा.

त्याचं दुसरं उदाहरण सांगते. परदेशात घशाच्या मागच्या भागाचे, टॉन्सिलचे बरेच कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. तिथे रक्तात त्या विषाणूचा डीएनए शोधून आजार उलटतोय का ते पाहता येतं. बातम्यांत आपण 'रक्ताच्या थेंबावरून कर्करोगाचा पत्ता' असं वाचतो, तेव्हा पुष्कळदा ती अशी तपासणी असते. आपल्या पुडीच्या कर्करोगात बहुधा विषाणू नसतोच. जे नाही ते रक्तात शोधून काय सापडणार?

पुढचा टप्पा थोडा वेगळा आहे. गाठीतल्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. काही तासांत ते नाहीसे होतात. म्हणजे ऑपरेशननंतर काही आठवड्यांनीही ते तुकडे सापडत असतील, तर कुठेतरी कर्करोगाच्या पेशी जिवंत आहेत. प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले बिघाड आधी वाचायचे आणि नेमके तेच रक्तात शोधायचे, अशी ही पद्धत आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात असे १७ रुग्ण होते. त्यातल्या ५ जणांचा आजार उलटला, आणि पाचही जणांच्या रक्तात ते तुकडे आधी सापडले होते : कुणाच्या १०८ दिवस आधी, कुणाच्या २५३ दिवस आधी. तीन ते आठ महिने आधी कळणं ही लहान गोष्ट नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त आशा याच दिशेकडून वाटते. पण १७ रुग्ण म्हणजे आपल्या वर्गातल्या दोन रांगा.

आता माझ्या कामाचा भाग. आपल्या गणिताच्या बाई आठवतात ना? उत्तर बरोबर आलं तरी त्या विचारायच्या, "ताळा केला का?" ताळा नसेल तर पूर्ण गुण नाहीत. बायोमार्करच्या शोधात नेमका ताळाच अडतो.

माणसात साधारण २० हजार जनुकं आहेत. समजा ५० रुग्ण घेतले आणि प्रत्येकाची २० हजार जनुकं तपासली. कोणतं जनुक आजार उलटण्याशी जुळतं, हे शोधायला लागलो. शंभरात पाच वेळा योगायोगाने जुळलं तरी चालेल, अशी नेहमीची सूट ठेवली, तर नुसत्या योगायोगानेच १ हजार जनुकं जुळलेली दिसतील. त्यातली दहा निवडून 'दहा जनुकांची तपासणी' तयार करणं अवघड नाही. त्या ५० रुग्णांवर ती झकास चालते.

हे आपल्याला अनोळखी नाही. दहावीला 'अपेक्षित' पाठ करणारे आपल्यात होतेच, नावं घेत नाही, काही पहिल्या ओळीत बसले आहेत. अपेक्षितमधलेच प्रश्न आले तर शंभरपैकी पंच्याण्णव. बोर्डाने प्रश्न फिरवून विचारला की गाडी अडली. संगणकही असाच पाठांतर करतो. ज्या रुग्णांवर तो शिकला, त्यांची उत्तरं तोंडपाठ. दुसऱ्या शहरातले, दुसऱ्या रुग्णालयातले, दुसरी पुडी खाणारे नवे रुग्ण दिले की कळतं, समजलंय की पाठ केलंय. तोंडाच्या कर्करोगासाठी अशा जनुक-यादी पुष्कळ प्रसिद्ध झाल्या. नव्या रुग्णांवर, वेगळ्या ठिकाणी, आधीपासून ठरवून केलेल्या ताळ्यात टिकलेल्या फार थोड्या. आज मुखाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर रोजच्या उपचाराचा निर्णय ज्यावर घ्यावा अशी रेणूंची एकही तपासणी सर्वमान्य झालेली नाही.

आणि ताळा झाला तरी एक प्रश्न उरतो. पाटीवर आकडे मांडू. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. समजा ऑपरेशन झालेले १०० जण आहेत आणि त्यातल्या ३० जणांचा आजार उलटणार आहे. एक बऱ्यापैकी चांगली तपासणी आहे : उलटणाऱ्या १०० मधल्या ८० जणांना ती ओळखते आणि न उलटणाऱ्या १०० मधल्या ८० जणांना बरोबर मोकळं सोडते. आता ३० पैकी २४ जण पकडले गेले, ६ सुटले. उरलेल्या ७० पैकी ५६ जणांना बरोबर 'काही नाही' सांगितलं, १४ जणांना उगाच घाबरवलं. म्हणजे 'उलटेल' असं एकूण ३८ जणांना सांगितलं, त्यातल्या १४ जणांचा उलटणारच नव्हता. 'काही नाही' असं ६२ जणांना सांगितलं, त्यातल्या ६ जणांचा उलटला.

त्या १४ जणांना जास्तीचे किरण दिले तर? किरणांनी तोंड कोरडं पडतं, गिळायला त्रास होतो, जबड्याचं हाड खराब होऊ शकतं. आणि ते ६ जण 'रिपोर्ट चांगला आलाय' म्हणून तपासणीला जायचे थांबले तर? मला या ६ जणांची जास्त काळजी वाटते.

आपल्या जिल्ह्याला भाकिताची ओळख नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. धान्याची मांडणी करतात, दुसऱ्या दिवशी पाहून पावसापाण्याचं भाकीत सांगतात, आणि दूरदूरचे शेतकरी ते ऐकायला जमतात. श्रद्धेच्या प्रश्नात मी जात नाही. शेतकरी तिथे का जातो, ते पाहा. त्याला ठरवायचं असतं की कपाशी लावू की सोयाबीन. भाकीत ऐकून पेरणी बदलणार असेल तरच भाकिताचा उपयोग. वैद्यकातल्या खुणेचंही तसंच आहे. 'तुमचा आजार उलटण्याची शक्यता ६३ टक्के' असं कळलं, आणि त्यावर वेगळं काही करता येत नसेल, किंवा ते केल्याने माणूस जास्त जगतो हे कुणी टाटाच्या त्या ५०० रुग्णांसारखं मोजून दाखवलेलं नसेल, तर आपल्या मित्राने शेताचा पैसा देऊन फक्त रात्रीची झोप विकली असती.

म्हणून मी त्याला म्हटलं, "भाऊ, ती तपासणी करू नको. तुझ्या सर्जनला एकदा विचार की या रिपोर्टने माझा उपचार बदलणार आहे का. 'नाही' म्हणाले तर पैसे ठेव, आणि त्याच पैशात दोन वर्षं तपासणीला जा." त्याने विचारलं. उत्तर 'नाही' असंच आलं.

संशोधन व्यर्थ आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याला आपल्यासारख्या हजारो रुग्णांचे नमुने आणि पुढच्या पाच वर्षांची नोंद लागते. बुलडाणा, मेहकर, सिंदखेडराजाचा माणूस ऑपरेशन करून गावी येतो आणि पुन्हा जात नाही, तेव्हा त्याच्या नावापुढचा रकाना रिकामा राहतो. उलटला की नाही, कोणालाच माहीत नाही. रिकाम्या रकान्यावर कुठलाही संगणक काही शिकू शकत नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयात संशोधनासाठी गाठीचा तुकडा ठेवायला संमती मागतात, तेव्हा नीट विचारून, समजून घेऊन, पटलं तर सही करा. आपला उपयोग नाही झाला तरी आपल्या पोरांच्या पिढीचा ताळा त्यातून होईल.

आता करण्यासारख्या गोष्टी.

ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. पहिलं वर्ष साधारण दर एक ते तीन महिन्यांनी आणि दुसरं वर्ष दर दोन ते सहा महिन्यांनी, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला जाच. दुखत नाही म्हणून तारीख चुकवू नका. आणि पुडी, खर्रा, सुपारी, विडी, सगळं बंद. ऑपरेशननंतर सुरू ठेवणाऱ्याचा धोका वाढतो, हे सांगायला कुठलाही बायोमार्कर लागत नाही.

ज्यांना आजार नाही पण सवय आहे, त्यांनी आज घरी जाऊन आरशासमोर तोंड उघडा. आपली तीन बोटं उभी धरून आत जातात का? जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. केरळमध्ये आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन नुसतं तोंड पाहिलं. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले : तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. टॉर्च आणि पाहणारी नजर, एवढंच साधन होतं.

शेवटचं आपल्या तुकडीसाठी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन, किरण, केमो बसतं. बसत नाही तो येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, आणि सोबत यायला माणूस. मलकापूर किंवा शेगावहून रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांची सोय करते. आपल्याच वऱ्हाडच्या माणसाच्या नावाने तिथे आसरा मिळतो. पण सोंगणीच्या दिवसांत तारीख आली की आपला माणूस म्हणतो, "पुढच्या खेपेले जाऊ." दोन वर्षांतली ती एक खेप चुकली की काय होतं, ते आपण दोन मित्रांच्या बाबतीत पाहिलं.

मेळाव्याचा जो निधी उरेल, त्याचा एक भाग अशा तपासणीच्या प्रवासासाठी ठेवावा, ही माझी सूचना. आपल्या तुकडीपुरतं नको, शाळेच्या कोणत्याही माजी विद्यार्थ्यासाठी. पैशाइतकीच सोबत जाणारी माणसं लागतील. नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. वर्षातून एकदा कुणाबरोबर मुंबई, नागपूर किंवा संभाजीनगरला जायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी त्यात नाव आणि सोयीचा महिना लिहावा. पहिलं नाव माझं आहे, महिना जानेवारी. सरांनी सकाळीच ती वही पाहिली आणि वयाची पंच्याहत्तरी उलटलेली असताना खाली आपलं नाव लिहिलं. सर, तुम्हाला आम्ही पाठवणार नाही, पण ते नाव वहीतून खोडणारही नाही.

जेवायला उठण्याआधी वही बघून जा.